म्युझिक लायसन्सिंग-पब्लिशिंगमधली इंटर्नशिप : जायच्या आधी काय तयारी करावी?

अमळनेरकर

राम राम मंडळी. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात मुंबईतल्या एका म्युझिक पब्लिशरच्या लीगल विभागात चार आठवडे जागा मिळतेय. त्याला जोडूनच जळगावात एका वकीलसाहेबांकडे चार आठवडे बसायचा विचार आहे, त्यांच्याकडे अहिराणी चॅनलवाल्यांची प्रकरणं येतात. कॉपीराइटचा पेपर अजून झालेला नाही. काय वाचून जाऊ? प्रत्यक्षात काम काय देतात? आणि हे आठवडे बार कौन्सिलच्या हिशेबात धरले जातात का?

वाघूरकाठ

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमचा बेत तिथेच अडकतोय. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे इंटर्नशिप लागते. कंपनीतली चालते. पण कोणत्याही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. मुंबईचे चार आणि लगेच जळगावचे चार म्हणजे सलग आठ झाले. मधे खंड ठेवा, किंवा जळगावचं दिवाळीच्या सुट्टीत घ्या. तुमच्या कॉलेजात 'सलग'चा अर्थ कसा लावतात ते आधीच लेखी विचारून घ्या. जळगावचं मात्र सोडू नका. संपूर्ण शिक्षणकाळात निदान एकदा तरी कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाकडे काम केलेलं असावं लागतं, ती अट कंपनीत बसून भागत नाही.

डायरी रोजची रोज लिहा. पण पक्षकाराचं नाव, कराराची रक्कम, अजून न आलेल्या गाण्याचं शीर्षक त्यात उतरवू नका. 'गीतकाराशी झालेल्या करारातील मुदतीचे कलम तपासले' एवढं पुरतं. ती डायरी कॉलेजात तपासायला जाते.

वाचायचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७, फक्त बेअर अ‍ॅक्ट (टीका-टिप्पणी नसलेला मूळ कायदा), या क्रमाने : कलम २ मधल्या व्याख्या, मग १३, १४, १७, १८, १९, ३०, ३०ए, ३१सी, ३३, ३८ ते ३९ए, ५२, ५७. प्रत २०१२ च्या दुरुस्तीनंतरची हवी. ती दुरुस्ती २१ जून २०१२ ला लागू झाली आणि संगीताच्या बाबतीत तिने निम्मं चित्र पालटलं. सीनियरचं जुनं गाइड मिळालं तर त्यातलं १७, १८, १९ वाचूच नका.

मेहरूण

पब्लिशरकडे जाताय, रेकॉर्ड लेबलकडे नाही, हे पहिल्या दिवसाआधी डोक्यात पक्कं हवं.

एका गाण्यात शब्द ही साहित्यकृती, तिचा मूळ मालक गीतकार. चाल ही संगीतकृती, तिचा मालक संगीतकार. कलम २(पी) मध्ये संगीताच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम बाहेर ठेवलेत. या दोन्हींवर पब्लिशिंगचं काम चालतं. ध्वनिमुद्रण म्हणजे मास्टर ही वेगळी मालमत्ता. तिचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता कोण तर ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला नि जबाबदारी उचलली तो. स्टुडिओचा मालक फक्त भाडं घेऊन रेकॉर्ड करून देत असेल तर तो निर्माता ठरत नाही. गायकाचा कलाकार म्हणून हक्क निराळा, ५० वर्षांचा. वर व्हिडिओ केला की तो कायद्याच्या भाषेत चलच्चित्रपट, त्याचा निर्माता आणखी एखादा असू शकतो.

म्हणून एखाद्या बियाणे कंपनीला जाहिरातीत अहिराणी गाणं वापरायचं असेल तर दोन परवाने लागतात : शब्द-चालीचा पब्लिशरकडून (सिंक म्हणतात तो) आणि रेकॉर्डिंगचा लेबलकडून. तेच गाणं नव्या गायकाकडून गाऊन घेतलं तर जुन्या मास्टरचा परवाना नको, शब्द-चालीचा तरीही हवाच.

आता काम. पहिले आठ-दहा दिवस हक्कांची साखळी तपासणं. सातबाऱ्यावर बोजा आणि फेरफार बघतात तसंच हे. एकेका गाण्यापुढे गीतकार, संगीतकार, पहिल्या प्रकाशनाची तारीख, कराराची तारीख, कोणते हक्क दिले, किती मुदतीला, कोणत्या प्रदेशासाठी, रॉयल्टीचं कलम आहे का, सह्या कुणाच्या, असे रकाने. प्रत्येक रकान्यात कराराचा पान नंबर घाला. 'करार पाहिला, बरोबर आहे' असा शेरा कुणाच्याही उपयोगाचा नाही.

पुढे ओळख क्रमांक येतात. आयएसआरसी रेकॉर्डिंगचा असतो, १२ अक्षर-अंकांचा : देशाचे दोन, नोंदणीदाराचे तीन, वर्षाचे दोन, क्रमांकाचे पाच. भारतात तो आयएमआय (इंडियन म्युझिक इंडस्ट्री, रेकॉर्ड लेबलांची संघटना) मार्फत मिळतो. आयएसडब्ल्यूसी शब्द-चालीचा, 'टी' अक्षराने सुरू होणारा. आयपीआय हा माणसाचा, म्हणजे गीतकार, संगीतकार, पब्लिशर यांचा. गफलत नेहमी एकच होते : मूळ गाणं, डीजे मिक्स आणि कराओके तिन्हींना एकच आयएसआरसी लावून ठेवतात आणि वापराचे आकडे एकमेकांत मिसळतात. तिन्ही रेकॉर्डिंगं वेगळी, तिन्हींना वेगळा आयएसआरसी. चाल-शब्द तेच असतील तर आयएसडब्ल्यूसी मात्र एकच.

हिस्स्यांची बेरीज १०० आलीच पाहिजे. साधारण पब्लिशर ५०, गीतकार २५, संगीतकार २५. गीतकार दोघे असले तर त्यांचे साडेबारा-साडेबारा. दोन पब्लिशरांनी एकाच गाण्यावर मिळून १५० टक्के दावा लावला की वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. अशा वादांची फाइल चाळणं हे इंटर्नचं ठरलेलं काम आहे, कंटाळा करू नका. खरं शिकायला तिथेच मिळतं.

ढोलकी_धुळे

मुंबईचं चित्र छान आहे, पण ताई, इथे तुमच्या तक्त्यातले निम्मे रकाने कोरेच राहतील. आपल्याकडे कागद म्हणजे एनओसी. ठरलेला मजकूर : 'सदर गीत मी स्वतः लिहिले असून अमुक चॅनलने ते प्रसारित करण्यास माझी काही हरकत नाही.' खाली सही, आधारची झेरॉक्स, संपलं. यावर चॅनलवाला समजतो की गाणं विकत घेतलं.

हरकत नाही म्हणणं ही जास्तीत जास्त परवानगी झाली. मालकी हलत नाही. तोच गीतकार उद्या दुसऱ्या चॅनलला तशीच एनओसी देतो आणि मग दोन्ही चॅनल एकमेकांवर स्ट्राइक (यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार) मारत बसतात. अमळनेरकर भाऊ, जळगावच्या चार आठवड्यांत तुम्हाला हेच सगळ्यात जास्त दिसेल.

सातपुडा

एनओसी कच्ची हे मान्य. पण पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी करून, दोन साक्षीदारांसमोर 'सर्व हक्क दिले' लिहून घेतलं की विषय मिटतो. उगाच पोरांना घाबरवू नका.

वाघूरकाठ

नाही मिटत, सातपुडा भाऊ. स्टॅम्प आणि नोटरीने एवढंच शाबीत होतं की सही त्याच माणसाची आणि त्याच दिवशीची आहे. (ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा लागतो, तेवढं बरोबर धरलंत.) आत काय लिहिलंय ते कलम १९ च्या कसोटीवर उतरावं लागतं.

कृती कोणती, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता, रॉयल्टी किती, हे सगळं त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. समजा १० मार्च २०१९ च्या कागदात मुदतच नाही. ९ मार्च २०२४ ला तो हक्क परत गीतकाराकडे गेला. त्यानंतर चॅनलवर त्या गाण्याचे जे पैसे आले त्यावर गीतकार बोट ठेवू शकतो. प्रदेशाचंही तसंच. आपले लोक सुरतेत ऐकतात ते भारतातच मोडतं, पण दुबईत ऐकलं त्याचं काय? यूट्यूबवर चढवताना सहसा सगळं जग निवडलेलं असतं.

तिसरं, १९(४). हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही तर तो हक्क संपतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. एकदम दहा गाणी लिहून घ्यायची आणि तीनच रेकॉर्ड करायची, ही चाल इथे उलटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॉयल्टी. २०१२ नंतरच्या करारात गीतकार-संगीतकाराचा समान वाट्याने रॉयल्टी घेण्याचा हक्क सोडून देता येत नाही. कलम १८ ची परंतुकं आणि १९(९), १९(१०) एकत्र वाचा. तो हक्क फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (हक्कदारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) देता येतो. 'एकरकमी अकरा हजार मिळाले, यापुढे कोणतीही मागणी करणार नाही' हे वाक्य कितीही ठळक छापा, तेवढ्यापुरतं ते रद्दबातलच.

सातपुडा

एकरकमीचं माहीत नव्हतं. मग जुन्या व्हीसीडीच्या जमान्यातल्या करारांचं काय? तेव्हा यूट्यूब होतं कुठे?

वाघूरकाठ

चांगला मुद्दा काढलात. करार झाला तेव्हा जे माध्यम बाजारातच नव्हतं त्याला तो करार लागू होत नाही, ते माध्यम करारात नावानिशी लिहिलेलं असल्याशिवाय. हे परंतुकही २०१२ च्या दुरुस्तीतलंच. त्याआधीच्या करारांना ते आपोआप मागे जाऊन लावता येईल असं धरून चालू नका, तिथे कराराचे शब्दच वाचावे लागतात. 'कॅसेट, सीडी, व्हीसीडी' एवढंच लिहिलंय की 'आणि पुढे येणारी सर्व माध्यमं' हेही आहे, त्यावर सगळं ठरतं. इंटर्नने निष्कर्ष काढू नये. ते वाक्य जसंच्या तसं उतरवून सीनियरसमोर ठेवावं.

भुसावळ_जंक्शन

कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, ही कुणाची? आमच्या गल्लीत दरवर्षी भांडण. आणि बहिणाबाईंच्या कवितांना चाल लावायला कुणाला विचारायचं?

मेहरूण

पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेलं, कर्ता अज्ञात, ते कुणा एकाचं नाही. कानबाईचं पारंपरिक गाणं कुणीही गाऊ शकतं. पण एखाद्याने त्याला नवं कडवं जोडलं, वेगळी संगीतरचना केली आणि रेकॉर्ड केलं, तर ते कडवं, ती रचना आणि ते रेकॉर्डिंग त्याचं. मूळ ओळी त्याच्या होत नाहीत. भांडणं होतात ती याच भेगेत. तपासताना मूळ ओळी आणि भर घातलेल्या ओळी दोन रंगांत वेगळ्या करा, आणि शीर्षकापुढे गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहिलंय की कुणी स्वतःचं नाव दडपून घुसवलंय ते बघा.

बहिणाबाई चौधरी गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला आणि संग्रह आला १९५२ मध्ये. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या कृतीला कलम २४ लागतं : छापल्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. म्हणजे त्या संग्रहातल्या कवितांचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०१२ ला संपला. चाल लावायला परवानगी नको. पण सिनेमात किंवा रेडिओवर ऐकलेली चाल उचललीत तर त्या संगीतकाराचा हक्क आडवा येतो. संग्रहाबाहेरची, नंतर कधीतरी पहिल्यांदा छापलेली कविता असेल तर तिची ६० वर्षं तिच्या वर्षापासून मोजायची.

ढोलकी_धुळे

पारंपरिक गाण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) अशी गाणी टाकायला डिस्ट्रिब्युटर (आपली गाणी यूट्यूब वगैरेंवर चढवून देणारी कंपनी) कुरकुरतात, त्यामागे कारण आहे. संदर्भ फाइलवर (जिच्याशी बाकीचे व्हिडिओ ताडून पाहतात ती) तुमचा एकट्याचा हक्क लागतो. आपल्याकडची बरीच गाणी विकतच्या लूपवर (तयार वाद्यसंगीताचे तुकडे) उभी असतात. ढोल, सनई, सिंथचा तोच तुकडा दहा जणांनी घेतलेला. तो टाकला की दुसऱ्याच्या गाण्यावर खोटे क्लेम बसतात आणि शेवटी आपलंच खातं अडचणीत येतं. म्हणून स्टुडिओकडून लेखी घ्यायचं : कोणता लूप कुठून घेतला, त्याचा परवाना एकट्याचा की सगळ्यांना खुला.

क्लेम आणि स्ट्राइक वेगळे हेही शिकून जा. क्लेममध्ये व्हिडिओ सहसा राहतो, पैसे दुसऱ्याकडे वळतात. विवाद नोंदवला की दावेदाराला ३० दिवस मिळतात. त्याने नाकारलं आणि आपण अपील केलं तर ७ दिवस. स्ट्राइकमध्ये व्हिडिओ उतरतो, ९० दिवस तो डोक्यावर राहतो आणि तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं. चॅनलवाला फोनवर दोन्हींना 'कॉपीराइट आलं' असंच म्हणतो. आधी स्क्रीनशॉट मागवा.

अमळनेरकर

खूपच उपयोगी. हिंदी गाण्याच्या चालीवर अहिराणी शब्द लिहून जी गाणी येतात, त्यांना कव्हर व्हर्जनचा (तेच गाणं नव्याने रेकॉर्ड करण्याचा) वैधानिक परवाना, म्हणजे मालकाच्या संमतीवर न अडता कायद्याने मिळणारा, चालतो का? कलम ३१सी वाचलं पण नीट कळलं नाही.

वाघूरकाठ

नाही चालत. ३१सी खाली कव्हर करताना मूळ कृतीत फेरफार करता येत नाही, रेकॉर्डिंगसाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचा तेवढा सोडून. शब्दच बदलले म्हणजे ते कव्हर उरलं नाही. चालीसाठी मूळ पब्लिशरची थेट परवानगी घ्यायची.

खरं कव्हर असेल तरी वेळ मोजून घ्या. पहिलं रेकॉर्डिंग २०२३ मध्ये झालं असेल तर ते वर्ष संपल्यावर पाच पूर्ण वर्षं, म्हणजे १ जानेवारी २०२९ पासून. आगाऊ नोटीस, आगाऊ रॉयल्टी, तीही दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. शिवाय हा परवाना ध्वनिमुद्रणापुरता. त्यावर नाचाचा व्हिडिओ केला की सिंक आलाच.

भुसावळ_जंक्शन

आणि हळदीत डीजे लावला तर?

वाघूरकाठ

कलम ५२(१)(झेडए) : खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवणं उल्लंघन नाही, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ धरलेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटीने (कॉपीराइटचं काम पाहणारा उद्योग-व्यापार विभाग) सोसायट्यांना तसं बजावलंही. हळद त्यात बसते. हॉलवाल्याने तिकीट लावून ठेवलेला दांडिया बसत नाही.

मेहरूण

गीतकार-संगीतकारांच्या नोंदणीबद्दल थोडं, कारण हे काम जळगावातही पडेल. शब्द-चालीची सोसायटी आयपीआरएस, २०१७ मध्ये दुरुस्त कायद्याखाली तिची पुन्हा नोंदणी झाली. गायकांची सोसायटी वेगळी, आधीची इस्रा, आता वादकांसह इसाम्रा. सभासदत्वाला पॅन, बँकेचा तपशील, प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा पुरावा अशी कागदं लागतात. नुसतं सभासद होऊन पैसे येत नाहीत, प्रत्येक गाणं हिस्स्यांसकट नोंदवावं लागतं.

अहिराणीत खरी गळती स्पेलिंगमुळे होते. 'शे' हा एवढासा शब्द, रोमनमध्ये कुणी एस-एच-ई लिहितं, कुणी एस-एच-ए-वाय. एकच गाणं यूट्यूबवर एका स्पेलिंगने, डिस्ट्रिब्युटरकडे दुसऱ्या, सोसायटीत तिसऱ्या. जुळणी झाली नाही की रक्कम बेवारस पडते. नोंदवताना मुख्य शीर्षकाबरोबर सगळी पर्यायी शीर्षकं टाका, लोक ज्या शब्दाने गाणं शोधतात तोही. गीतकाराचं नाव पॅनवरचं आणि चॅनलवर दिसणारं, दोन्ही.

रॉयल्टीवर टीडीएस १० टक्के, पॅन दिला नसेल तर २०. गीतकार 'पैसे कमी आले' म्हणून फोन करतो त्यातले काही फोन याचेच असतात.

सातपुडा

बठ्ठं कागदवर पाह्यजे, एवढं समजनं. गायिका सोळा वर्षांची असेल तर?

वाघूरकाठ

तिने स्वतः सही केलेला करार शून्य. १९०३ च्या मोहोरीबीबी प्रकरणापासून हे ठरलेलं आहे. पालकाची सही घ्या, करारात वयाचा पुरावा जोडा, आणि १८ पूर्ण झाल्यावर तिच्याशी नवा करार करून ठेवा. टॅलेंट शोमधून आलेल्या मुलांच्या फाइलमध्ये हे हमखास राहून जातं.

अमळनेरकर, नोटीस लिहायला देतील तेव्हा दोन गोष्टी. एक, हक्क आपल्या पक्षकाराकडे आहे हे कागदावर दिसल्याशिवाय 'कायदेशीर कारवाई करू' लिहू नका. कलम ६० खाली निराधार धमकीबद्दल समोरचाच दावा लावू शकतो. दोन, दावा कुठे लावायचा ते बघा. कलम ६२ मुळे वादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, पारोळ्याच्या गीतकाराला मुंबई गाठायची गरज नाही. वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि तीन लाख किंवा वरचा असेल आणि तातडीचा मनाईहुकूम मागितला नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. मनाईहुकूम मागायचा की नाही हे त्यामुळे पहिल्याच बैठकीत ठरतं.

अमळनेरकर

नोंद केली. आठवड्यांचं कॉलेजला विचारलं, जळगावचं दिवाळीनंतर हलवतोय. मुंबईला जाताना आणखी काही?

मेहरूण

एक्सेलमध्ये फिल्टर आणि दोन याद्या जुळवणं यायला हवं, आणि देवनागरी टंकलेखन युनिकोडमध्ये. न आलेल्या गाण्याची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची नाही, ऑफिसच्या मेलवरच.

मुलाखतीत अहिराणी येते हे सांगा. ज्यांच्या यादीत खान्देशची गाणी आहेत त्यांच्याकडे ऐकून शब्द बिनचूक उतरवणारं माणूस सहसा नसतं, आणि शब्द नीट उतरवल्याशिवाय मूळ आणि चोरलेली ओळ शेजारी ठेवता येत नाही. जायच्या आधी पाच गाणी ऐकून सराव करा : प्रत्येक ओळीपुढे मिनिट-सेकंद, खाली प्रमाण मराठीत अर्थ. वादाच्या फाइलला जोडायचा तक्ता तसाच लागतो.

ढोलकी_धुळे

त्यात धुळ्याकडची आणि जळगावकडची अशी दोन्ही गाणी घ्या. साक्रीचा गीतकार आणि चोपड्याचा गीतकार एकच शब्द वेगळा लिहितात. बाहेरचा माणूस त्यालाच 'शब्द बदलले' म्हणून नोंदवून बसतो.